सत्तेची उतरंड : देऊळघाट ते मुंबई

‘राजकारण’ हा शब्द सुशिक्षित मध्यमवर्गात बहुधा नाक मुरडून उच्चारला जातो. शाळेची मान्यता रखडली, बदलीची यादी फिरली, पतपेढीच्या निवडणुकीत चुरस झाली, की ‘यात राजकारण आहे’ एवढे म्हणून विषय संपविण्याची रीत आहे. गंमत अशी की, सकाळी हे वाक्य उच्चारणारा गृहस्थ सायंकाळी बदली थांबविण्यासाठी कोणाची चिठ्ठी चालेल याचा शोध घेत असतो. राजकारणाचा तिटकारा आणि राजकारणाचा उपयोग या दोन्ही गोष्टी एकाच खिशात बाळगण्याच्या या सवयीमुळे एक मोठे नुकसान झाले आहे. ज्या चारदोन मूलभूत कल्पनांवाचून राजकारण समजत नाही, त्या कल्पनांचे अर्थ एकमेकांत मिसळून गेले आहेत. सत्ता, अधिकार आणि प्रभाव हे तीन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः ती तीन वेगळी माणसे असतात आणि खेड्यात तर ती तीन वेगळ्या घरांत राहतात.

बुलढाणा तालुक्यातील देऊळघाटचे उदाहरण घ्यावे. जिल्ह्याच्या ठिकाणापासून हाकेच्या अंतरावरचे हे मोठे गाव. पैनगंगा ज्या डोंगररांगांत उगम पावते त्याच परिसरातले. अशा गावात सरपंचाला अधिकार असतो, म्हणजे त्याच्या सहीला कायद्याने अर्थ असतो. ज्याच्या दूरध्वनीमुळे तहसील कचेरीतील कागद पुढे सरकतो किंवा अडतो, त्याच्याकडे सत्ता असते. मग तो कोणत्याही पदावर नसेना का. आणि भाऊबंदकीचा तंटा कचेरीत जाण्यापूर्वी ज्याच्या ओट्यावर जातो त्या वडीलधाऱ्या माणसाकडे प्रभाव असतो. त्याला कोणाचे काही अडविता येत नाही, पण त्याचा शब्द मोडताना लोकांना संकोच वाटतो. दुसऱ्याने अन्यथा जे केले नसते ते त्याच्याकडून करवून घेण्याची क्षमता म्हणजे सत्ता, अशी राज्यशास्त्राची सर्वमान्य व्याख्या आहे. ही क्षमता कायद्याने आणि लोकांच्या मान्यतेने अंगी आली की तिला अधिकार म्हणतात. तिघे एकाच व्यक्तीत एकवटले तर गावाचा कारभार सुरळीत चालतो, पण गाव त्या व्यक्तीच्या मुठीत जाते. तिघे विखुरलेले राहिले तर कारभार अडखळतो, पण कोणा एकाला मुजोर होता येत नाही. लोकशाहीने दुसरा मार्ग पत्करला आहे आणि त्याची किंमत विलंबाच्या रूपाने मोजली आहे.

जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर याने अधिकाराचे तीन प्रकार सांगितले : परंपरेतून येणारा, अलौकिक व्यक्तिमत्त्वातून येणारा आणि नियमांतून येणारा. वऱ्हाडाने यांतील पहिल्याकडून तिसऱ्याकडे झालेला प्रवास जवळून पाहिला आहे. १८५३ साली निजामाने हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. हैदराबाद, नागपूर, मुंबई अशी राजधानी दोनदा बदलली. परंतु वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने राज्य म्हणजे गावचा पाटील आणि पटवारीच होते, आणि ते मात्र पिढ्यान्‌पिढ्या तेच राहिले. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटीलकी संपली. अधिकार गेला, प्रभाव मात्र कायद्याने रद्द होत नसतो. तो निवडणुकीला उभा राहिला आणि पुष्कळ ठिकाणी निवडून आला.

त्याच सुमारास, १ मे १९६२ रोजी, वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींनुसार महाराष्ट्रात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या. या समितीने जिल्हा हाच विकासाचा मुख्य घटक मानला आणि जिल्हा परिषदेत आमदार-खासदारांना सदस्यत्व ठेवले नाही. हेतू स्वच्छ होता. खालच्या पातळीवरील नेतृत्वाला वरच्यांच्या सावलीत खुरटू द्यायचे नाही. परंतु ज्याला सदस्यत्व नाही तो स्वस्थ बसत नाही. तो दुसरे दार शोधतो. पुढे जिल्ह्याच्या नियोजनाचा पैसा ज्या समितीतून वाटला जाऊ लागला तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्याकडे गेले आणि आमदारांना स्वतंत्र स्थानिक विकास निधी मिळाला. आज खेड्यातील सभामंडपावर वा सिमेंटच्या रस्त्यावर ज्याच्या नावाची पाटी दिसते तो बहुधा आमदार असतो, जिल्हा परिषद सदस्य नव्हे. कायद्याच्या पुस्तकातील अधिकार जिथल्या तिथे राहिला, पण सत्तेने घर बदलले. हे स्थलांतर कोणा एका पक्षाने केलेले नाही. राज्य करणाऱ्या प्रत्येक पक्षाने त्याला हातभार लावला आहे.

महाराष्ट्रात सत्तेची दुसरी वाट सहकारातून जाते, आणि अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तिकडे विशेष लक्ष दिले पाहिजे. पेरणीपूर्वी पीककर्ज कोणाला मिळते, केव्हा मिळते आणि थकबाकीची नोटीस कोणाला जात नाही, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत खेड्यातील निम्मे राजकारण सामावलेले असते. गावची सेवा सहकारी सोसायटी, तिच्या प्रतिनिधींनी निवडलेले जिल्हा बँकेचे संचालक मंडळ आणि त्या मंडळातून पुढे येणारे विधानसभेचे उमेदवार ही उतरंड पश्चिम महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या जोडीने भक्कम झाली. बुलढाणा जिल्ह्यात ती तितकी भक्कम कधीच नव्हती. दुसरबीडचा जिजामाता सहकारी साखर कारखाना बंद पडला. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेला २०१२ साली रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. केंद्र सरकारने २०१४ च्या अखेरीस देशातील २३ विनापरवाना जिल्हा बँकांसाठी पुनरुज्जीवन योजना मंजूर केली, तेव्हा त्यांत महाराष्ट्रातील तीनच बँका होत्या : नागपूर, वर्धा आणि बुलढाणा. तिन्ही विदर्भातल्या, ही गोष्ट योगायोगाची समजण्याचे कारण नाही. मधल्या काळात ठेवीदार आणि कर्जदार दोघांचेही हाल झाले. शिक्षकांना आणि लहान नोकरदारांना तर अडकलेला पैसा म्हणजे काय याचा वस्तुपाठच मिळाला. सत्तेच्या दृष्टीने त्याचा अर्थ आणखी एक होता. जेथे कर्ज देणारी सहकारी संस्था दुबळी असते तेथे पुढाऱ्याजवळ देण्यासारखे काही उरत नाही, आणि मग तो आश्वासने, जात आणि थेट मुंबईशी असलेली ओळख यांच्या बळावर उभा राहतो.

पक्षांच्या व्यूहरचनेचा विचार करताना सामान्यतः जाहीरनामे आणि सभा डोळ्यांपुढे येतात. परंतु निष्णात पक्ष खेळापेक्षा खेळाच्या नियमांकडे अधिक लक्ष देतो. सरपंच निवडण्याची पद्धत हे त्याचे ताजे उदाहरण. सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडावा, ही महाराष्ट्रात दीर्घकाळ चालत आलेली पद्धत. २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारने थेट जनतेतून सरपंच निवडण्याचा निर्णय केला. २०२० मध्ये महाविकास आघाडीच्या सरकारने तो रद्द केला. २०२२ च्या जूनअखेरीस सरकार बदलले आणि जुलैमध्ये थेट निवड पुन्हा आली. पाच वर्षांत तीन वेळा नियम बदलला. प्रत्येक वेळी लोकशाहीचाच दाखला देण्यात आला. खरे कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. ज्या पक्षांची गावोगावी सदस्यांची, सोसायट्यांची आणि नातेसंबंधांची जुनी वीण आहे, त्यांना सदस्यांतून निवड सोयीची. कारण सात किंवा सतरा सदस्य सांभाळणे त्यांच्या हातचे असते. ज्या पक्षाचा पाया नवा आहे पण राज्यपातळीवर वारे अनुकूल आहे, त्याला थेट निवड फायद्याची. कारण वारे सदस्यांच्या घराघरांतून फिरत नाही, ते मतदारांत फिरते. त्यातून कधी असेही होते की, सरपंच एका गटाचा आणि बहुमत दुसऱ्या गटाचे. मग पाण्याच्या टाकीचा ठराव महिनोन्‌महिने लोंबकळतो.

आणि हे सर्व अशा निवडणुकीबाबत, जी कायद्याने पक्षचिन्हावर लढविलीच जात नाही! ग्रामपंचायतीचे निकाल लागले की सर्व पक्षांचे प्रवक्ते आपापल्या सरपंचांची संख्या जाहीर करतात. त्या संख्यांची बेरीज बहुतेक वेळा एकूण ग्रामपंचायतींपेक्षा अधिक भरते. अंकगणिताच्या शिक्षकांनी या विषयात लक्ष घालायला हरकत नाही.

बेरजेचा विषय निघालाच आहे तर यशवंतराव चव्हाणांचे नाव घेणे भाग आहे. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडविली, तेव्हा द्वैभाषिकाचे चव्हाण सरकार तरले ते गुजरात आणि विदर्भ यांच्या आधारावर. त्या अनुभवातून चव्हाणांनी जो धडा घेतला त्याला पुढे ‘बेरजेचे राजकारण’ हे नाव पडले. विरोधकांचा पाडाव करण्याऐवजी त्यांना आपल्यात सामावून घ्यायचे. शेतकरी कामगार पक्षातील अनेक कर्तबगार मंडळी काँग्रेसमध्ये आली. १९६७ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या रिपब्लिकन पक्षाशी समझोता झाला. राज्याला स्थैर्य मिळाले, हे नाकारता येत नाही. परंतु बेरजेत एक हातचा नेहमी राहतो. जो पक्ष सामावला गेला त्याची धार गेली, आणि ज्यांच्या वतीने तो पक्ष बोलत होता त्या वर्गाचा आवाज मोठ्या घरातल्या एका खोलीत कोंडला गेला. रिपब्लिकन पक्षाच्या पुढील फाटाफुटीला हे एकमेव कारण नव्हते. पण ते मोठे कारण होते.

अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ विल्यम रायकर याने १९६२ मध्ये याच्या नेमका उलट सिद्धांत मांडला होता. शहाणा पक्ष बहुमताला लागतील तेवढेच सोबती घेतो, कारण वाटेकरी जितके कमी तितका प्रत्येकाचा वाटा मोठा, असे त्याचे म्हणणे. महाराष्ट्राने हा सिद्धांत वारंवार खोटा पाडला आहे. जुलै २०२३ मध्ये सत्तारूढ आघाडीजवळ बहुमत असतानाच राष्ट्रवादी काँग्रेसचा अजित पवार गट सरकारात घेतला गेला. गरज नसताना नवा वाटेकरी का घ्यावा? उत्तर बाजारपेठेच्या भाषेत सोपे आहे. एकाच पुरवठादारावर अवलंबून असणाऱ्या दुकानदाराला तो पुरवठादार म्हणेल ती किंमत मोजावी लागते. दुसरा पुरवठादार उभा राहिला की पहिल्याचा आवाज आपोआप खाली येतो. वाटेकरी वाढले म्हणजे वाटा घटतो हे खरे, पण अडवणुकीची ताकद त्याहून अधिक घटते.

मतांची बेरीज आणि जागांची बेरीज या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे बुलढाणा लोकसभा मतदारसंघाइतके स्पष्टपणे फार थोड्या ठिकाणी दिसेल. १९८४ ते १९९९ या काळात येथील मतदाराने प्रत्येक निवडणुकीत पारडे फिरविले : १९८४ मध्ये काँग्रेसचे मुकुल वासनिक, १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाचे सुखदेव काळे, १९९१ मध्ये पुन्हा वासनिक, १९९६ मध्ये शिवसेनेचे आनंदराव अडसूळ, १९९८ मध्ये वासनिक, १९९९ मध्ये अडसूळ. मतदार चंचल होता असा निष्कर्ष कोणी काढील. शेवटच्या दोन निवडणुकांत केवळ दीड वर्षाचे अंतर आहे, हे लक्षात घेतले तर तो टिकत नाही. १९९८ मध्ये काँग्रेसने रिपब्लिकन गटांशी समझोता केला आणि राज्यातील ४८ पैकी ३७ जागा त्या जोडीने जिंकल्या. जून १९९९ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसची स्थापना झाली, दोन्ही काँग्रेस समोरासमोर उभ्या ठाकल्या आणि युतीला २८ जागा मिळाल्या. एवढ्या अवधीत लाखो माणसांची मते बदलत नाहीत. बदलले ते मतांचे गाठोडे बांधणारे हात.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत हाच प्रकार वेगळ्या रूपाने दिसला. शिवसेनेचे प्रतापराव जाधव यांना सुमारे साडेतीन लाख मते पडली, शिवसेनेच्याच ठाकरे गटाचे नरेंद्र खेडेकर यांना सुमारे तीन लाख वीस हजार, आणि शेतकरी आंदोलनातून पुढे आलेले अपक्ष रविकांत तुपकर यांना सुमारे अडीच लाख. दोन्ही पराभूतांची बेरीज विजयी उमेदवारापेक्षा दोन लाखांहून अधिक भरते. निवडणुकीच्या नियमांप्रमाणे जाधव यांचा विजय निर्विवाद आहे आणि त्यांना केंद्रात राज्यमंत्रिपदही मिळाले. पण ‘बहुमत’ आणि ‘सर्वाधिक मते’ यांतील फरक विद्यार्थ्यांना समजावून द्यायचा असेल तर परदेशातील उदाहरण शोधण्याची गरज नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बुलढाणा विधानसभा मतदारसंघाचा निकाल ८४१ मतांनी लागला. एका मतदान केंद्राच्या यादीत सामान्यपणे याहून अधिक नावे असतात. एका केंद्रावर पाऊस पडला असता किंवा एखाद्या वस्तीतील मजूर कामासाठी बाहेरगावी गेले असते, तरी आमदार बदलला असता.

आता प्रश्न असा की, अडीच लाख मते मिळविणारे शेतकऱ्यांचे आंदोलन विधानसभेच्या निवडणुकीत ओसरले कसे? सोयाबीनचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि ऐन निवडणुकीत बाजारातील भाव त्याच्या बराच खाली होता. मलकापूर, चिखली, खामगावच्या बाजार समित्यांत माल घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला हा तोटा रोखीने सोसावा लागत होता. तरीही सत्तारूढ आघाडीने २८८ पैकी २३० जागा जिंकल्या. अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन याने १९६५ मध्ये दिलेले उत्तर येथे उपयोगी पडते. हितसंबंध ज्यांच्यात पातळ पसरलेला असतो असे लाखो लोक संघटित होत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटते की आपल्यावाचून काय अडते. हितसंबंध ज्यांच्यात दाट एकवटलेला असतो असे मूठभर लोक मात्र तत्काळ एकत्र येतात. सोयाबीन पिकविणारे लाखो. खाद्यतेल आयात करणारे आणि गाळणारे थोडे. आयातशुल्काची टक्केवारी कोणाच्या सल्ल्याने ठरत असेल याचा तर्क करणे कठीण नाही. याच्या जोडीला ऑगस्ट २०२४ पासून ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेचे दरमहा १,५०० रुपये थेट स्त्रियांच्या खात्यात जमा होऊ लागले होते.

या योजनेला केवळ लाच म्हणून हिणवणे सोपे आहे आणि शहरी दिवाणखान्यांत तसे केलेही जाते. ते अन्यायाचे आहे. ज्या बाईच्या हाती स्वतःच्या नावाचा पैसा आयुष्यात प्रथमच आला, तिने त्याची नोंद घेऊन मत दिले तर तिचा व्यवहार, सवलतीची बातमी वाचून मत देणाऱ्या कोणाही पगारदाराइतकाच समंजस आहे. मुद्दा वेगळा आहे. भाव पडल्यामुळे झालेला तोटा घरातल्या पुरुषाच्या हिशेबात गेला आणि तो कोणामुळे झाला हे कोणालाच नीट सांगता आले नाही. खात्यातील रक्कम मात्र कोणी दिली हे मोबाईलवरच्या संदेशात वाचता आले. चतुर पक्ष तोटा अनामिक ठेवतो आणि लाभावर नाव कोरतो. विरोधी पक्षाचे काम याच्या नेमके उलट असते : तोट्याला नाव देणे. ते काम या निवडणुकीत नीट झाले नाही, याची जबाबदारी मतदारावर टाकता येणार नाही.

पक्ष म्हणजे तरी काय, हा प्रश्न अलीकडे न्यायालयापर्यंत गेला. १९८५ च्या घटनादुरुस्तीने पक्षांतरास बंदी आली, परंतु एकतृतीयांश आमदार फुटले तर ती फूट वैध होती. २००३ च्या दुरुस्तीने ती पळवाट बंद केली. किरकोळ पक्षांतर महाग झाले, म्हणून घाऊक पक्षांतर सुरू झाले, असे थोडक्यात म्हणता येईल. २०२२ मधील शिवसेनेच्या फुटीनंतर निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२३ मध्ये नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले. त्याच वर्षी ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यपालांचा बहुमत चाचणीचा आदेश समर्थनीय नव्हता असे म्हटले, परंतु उद्धव ठाकरे यांनी चाचणीपूर्वीच राजीनामा दिल्याने त्यांचे सरकार पुन्हा आणता येणार नाही असेही सांगितले. निर्णयाचे विवेचन कायदेपंडितांनी करावे. खेड्यातील कार्यकर्त्यापुढे मात्र वेगळाच पेच होता. ज्या चिन्हाचे फलक त्याने पंचवीस वर्षे रंगविले ते चिन्ह एका बाजूला आणि ज्या माणसांसाठी रंगविले ती दुसऱ्या बाजूला. पक्ष आमदारांचा, की संघटनेचा, की चिन्हावर शिक्का मारणाऱ्या मतदाराचा? आयोगाने विधिमंडळातील संख्याबळ मोजले, कारण तेच सहज मोजता येते.

हे सर्व वरच्या मजल्यावर चालू असताना तळमजल्याची अवस्था काय होती? इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला आणि मार्च २०२२ मध्ये बुलढाण्यासह राज्यातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत संपल्यावर त्यांचा कारभार प्रशासकांच्या हाती गेला. निवडणुका घेण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश ६ मे २०२५ रोजी आला. म्हणजे तीन वर्षांहून अधिक काळ शाळांच्या खोल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि पाणीयोजना यांविषयीचे निर्णय कोणालाही मत न मागता घेतले गेले. प्रशासक वाईट होते असे नव्हे. काही ठिकाणी कामे वेगाने झाली असेही शिक्षक सांगतात. परंतु देऊळघाटच्या माणसाला आपल्या शाळेचे छप्पर गळते हे सांगायला हक्काचा सदस्य नव्हता, आणि हा पेच सुटावा म्हणून कोणत्याही पक्षाने मोठे आंदोलन केल्याचे दिसले नाही. सत्तेवर असलेल्यांना प्रशासक सोयीचा होता, नसलेल्यांना निवडणुकीचा खर्च टळणे सोयीचे होते.

या उतरंडीच्या अगदी तळाशी एक भांडे आहे, ज्याला मुदत नाही आणि ज्यावर प्रशासक बसविता येत नाही. ते म्हणजे ग्रामसभा. गावातील प्रत्येक मतदार तिचा सदस्य असतो. वर्षातून किमान चार सभा घेणे बंधनकारक आहे. हिशेब विचारणे, लाभार्थ्यांची यादी वाचायला लावणे, ठराव मांडणे हे तिचे हक्क कायद्यात लिहिलेले आहेत. तिच्या गणसंख्येला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० व्यक्ती, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. म्हणजे देऊळघाटएवढ्या गावात शंभर माणसे जमली की सभा कायदेशीर होते. बहुतेक गावांत ती शंभरही जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणसंख्येची अटच उरत नाही.